बीपी नॉर्मल असलेल्यांना रिसेप्टर ब्लॉकर दिल्यावर बीपी नक्की किती उतरतं?

शुश्रूषा_वर्ग यांचा प्रश्न

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी औषधशास्त्राच्या नोट्स तयार करते आहे. प्रोप्रॅनोलॉल, प्राझोसिन, लोसार्टन या तिन्हींपुढे पुस्तकात 'रक्तदाब कमी करणारं औषध' एवढंच लिहिलेलं असतं. पण वॉर्डात हीच औषधं, किंवा त्यांची भावंडं, बीपी मुळात नॉर्मल असलेल्यांनाही चालू असतात. मायग्रेनसाठी किंवा हात थरथरतात म्हणून प्रोप्रॅनोलॉल, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, मधुमेहात लघवीतून प्रथिनं जातात म्हणून लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन.

मग विद्यार्थी हमखास विचारतात की १२०/८० असलेल्याला ही गोळी दिली तर बीपी ९०/६० होणार का? 'नाही' म्हणावं तर कुणीतरी पहिल्याच गोळीला बाथरूममध्ये पडल्याचं ऐकलेलं असतं. 'हो' म्हणावं तर चार्टवरचे आकडे तसं दाखवत नाहीत. कोणत्या ब्लॉकरने काय होतं, का होतं आणि बीपी कधी व कसं मोजलं तर खरा परिणाम पकडता येतो, हे जाणकारांनी नीट सांगावं. आकडे आणि कारणं दोन्ही हवी आहेत.

---

नाडी_बहात्तर

चार्ट खोटं बोलत नाही आणि बाथरूममध्ये पडणाराही खोटं बोलत नाही. दोन्ही मोजमापं वेगवेगळ्या स्थितीतली आहेत.

ब्लॉकर स्वतःहून रक्तवाहिनी सैल करत नाही. तो रिसेप्टरवरची, म्हणजे पेशीवर रसायन जिथे बसतं ती, जागा अडवून बसतो, म्हणजे ॲड्रिनलिन, नॉरॲड्रिनलिन किंवा अँजिओटेन्सिनला तिथे बसता येत नाही. ते रसायन त्या घडीला फारसं काम करतच नसेल, तर अडवून फरक काय पडणार? बंद पंख्याचं बटण पुन्हा बंद केलं तर वारा कमी होत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांना आकडा पाठ करायला लावण्यापेक्षा एकच प्रश्न विचारायची सवय लावा: या माणसात, या क्षणी, तो रिसेप्टर किती कामाला जुंपलेला आहे?

बीटा ब्लॉकरपासून, म्हणजे प्रोप्रॅनोलॉलपासून, सुरुवात करतो. शांत पडलेल्या तरुणाच्या हृदयावर व्हेगस नाडीचा, म्हणजे मंदावणाऱ्या बाजूचा, पगडा असतो. प्रोप्रॅनोलॉल आणि ॲट्रोपिन एकत्र देऊन दोन्ही बाजू अडवल्या, तर हृदयाची स्वतःची गती कळते. त्याचं जुनं सूत्र आहे: ११८.१ वजा (०.५७ गुणिले वय). २५ वर्षांच्या माणसाला हे १०४ च्या आसपास येतं. प्रत्यक्षात त्याची नाडी ७० असते. याचा अर्थ विश्रांतीत ब्रेक जोरात दाबलेला आहे आणि ॲक्सिलरेटर जेमतेम. अशा वेळी फक्त प्रोप्रॅनोलॉल दिलं तर नाडी साधारण १० ठोक्यांनी उतरते, फार मोठा फरक पडत नाही.

आता बीपीचं गणित फळ्यावर मांडा. १२०/८० चा सरासरी दाब ९३. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलतं असं धरलं तर वाहिन्यांचा विरोध ९३ भागिले ५, म्हणजे १८.६. समजा बीटा ब्लॉकरने ५ चे ४.२ लिटर झाले. विरोध तोच राहिला असता तर दाब ७८ वर आला असता. पण तो तसा येत नाही. मानेतल्या कॅरोटिड धमनीतले आणि महाधमनीच्या कमानीतले दाब ओळखणारे बॅरोरिसेप्टर लगेच जागे होतात, सिम्पथेटिक (शरीराला सावध करणाऱ्या) नसा वाहिन्या आवळतात आणि विरोध २१.४ च्या घरात जातो. ४.२ गुणिले २१.४ म्हणजे ९०. मशीनवर ११६/७७ असं काहीतरी दिसतं. प्रोप्रॅनोलॉल बीटा-२ पण अडवतं, त्यामुळे स्नायूंतल्या वाहिन्या सैल करणारी बाजूही गेलेली असते, म्हणून विरोध चढायला आणखी मदत होते. (आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण दिशा आणि प्रमाण असंच असतं.)

बीपीच्या रुग्णात मात्र हेच औषध हळूहळू काम करतं. १९६४ मध्ये प्रिचर्ड आणि गिलम यांनी प्रोप्रॅनोलॉलचा हा गुण दाखवला. तिथे परिणाम पूर्ण दिसायला काही दिवस ते आठवडे जातात. मूत्रपिंडातून रेनिन (अँजिओटेन्सिन तयार व्हायला लावणारं रसायन) कमी सुटतं आणि चढलेला विरोध हळूहळू खाली येतो. एका गोळीनंतर तासाभरात बीपी मोजून 'औषध लागू पडलं नाही' असा निष्कर्ष कुणी काढू नये.

निरोगी माणसात बीटा ब्लॉकर खरा दिसतो तो पळताना. जोराच्या व्यायामात नाडी १९० ला जायची ती १४०-१५० वर अडते आणि वरचं बीपी जेवढं चढायला हवं तेवढं चढत नाही. प्रत्येक ठोक्याला हृदय जास्त रक्त टाकून भरपाई करू पाहतं, पण ती अपुरी पडते. जिना चढताना मांड्या भरून येतात, लवकर दम लागतो. अशा माणसाला '२२० वजा वय' हे सूत्र देऊ नका. त्या आकड्यापर्यंत नाडी पोचणारच नाही आणि तो जीव तोडून पळत राहील. श्रम किती वाटतात ते ६ ते २० च्या बोर्ग मापावर विचारा, १२-१३ पुरे.

हात न थरथरण्याच्या याच गुणामुळे नेमबाजी आणि तिरंदाजीत बीटा ब्लॉकरला बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या पिस्तूल नेमबाजाची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे काढून घेतली गेली.

आणि एक: नॉर्मल बीपीचे लोक परीक्षा किंवा भाषणाआधी मेडिकलमधून ही गोळी स्वतःच आणतात. बीपीचं सोडा, दम्याच्या माणसाला ती जिवावर बेतू शकते. हा मुद्दा नोट्समध्ये ठळक हवा.

---

वॉर्ड_राउंड

वर बीटाचं छान आलं आहे. अल्फा ब्लॉकरचं, म्हणजे प्राझोसिन आणि टॅम्सुलोसिनचं, मी लिहितो, कारण बाथरूममध्ये पडणारा बहुतेक वेळा यातलाच असतो.

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. ते सावरण्यासाठी नॉरॲड्रिनलिन अल्फा-१ रिसेप्टरवर बसून पाय, पोट आणि कातडीतल्या वाहिन्या आवळतं. आडवं असताना या आवळण्याची गरज थोडी, उभं राहताना पूर्ण गरज. म्हणून प्राझोसिन घेतलेल्या निरोगी माणसाचं झोपून बीपी ११८/७६ दिसेल, उभं केल्यावर ८५/५० होईल, नाडी १२० च्या पुढे पळेल, आणि डोळ्यांपुढे अंधारी येईल. हृदयाच्या बीटा-१ वर काहीच अडवलेलं नसतं, म्हणून नाडी पळते.

पहिल्या डोसचा हा झटका गोळी घेतल्यापासून ३० ते ९० मिनिटांत येतो. पहिलाच डोस २ मिग्रॅ किंवा जास्त दिला तर सुमारे १ टक्का रुग्णांना भोवळ येऊन शुद्ध हरपते, असं कंपनीच्या माहितीपत्रकातच असतं. पुढच्या डोसांना शरीर जमवून घेतं, मूत्रपिंड थोडं मीठ-पाणी धरून ठेवतं आणि झटका मावळतो. म्हणून सुरुवात ०.५ किंवा १ मिग्रॅने, रात्री झोपताना, आणि गोळी घेतल्यावर आडवंच राहायचं. यात नेहमी चुकतं ते असं: गोळी रात्री दहाला घेतात, टीव्ही बघत बसतात आणि अकराला उठून लघवीला जातात. नेमकी तीच वेळ धोक्याची. लघवीला जाऊन मगच गोळी घ्यायची. रात्री उठावं लागलंच तर दोन मिनिटं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं आणि पुरुषांनीही लघवी बसूनच करायची. काही दिवस गोळी चुकली असेल तर जुन्या मोठ्या डोसवर थेट उडी नको, डॉक्टरांना विचारून पुन्हा छोट्या डोसपासून. आधीपासून लघवीची गोळी चालू असेल, उलट्या-जुलाब होत असतील किंवा उपास असेल, तर हाच झटका दुप्पट जोरात बसतो.

टॅम्सुलोसिन अल्फा-१ए वर जास्त काम करतं, म्हणजे प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या मानेवर. रक्तवाहिन्यांवर कमी. म्हणून ०.४ मिग्रॅने नॉर्मल बीपीत फारसा फरक पडत नाही. पण ते रोज त्याच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायचं असतं. उपाशीपोटी घेतलं तर रक्तातली सर्वोच्च पातळी ४० ते ७० टक्क्यांनी जास्त चढते आणि मग चक्कर. कॅप्सूल फोडून पाण्यात मिसळून द्यायची नाही. सिल्डेनाफिल, टाडालाफिल (लैंगिक दुर्बलतेच्या गोळ्या) सोबत आहे का, हे संकोच न करता विचारायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅम्सुलोसिनचं सांगायचंच. ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो आणि बाहुली आकसते. आधी दोन-चार दिवस गोळी बंद केली म्हणून हा त्रास टळेल याची खात्री नसते, म्हणून सर्जनना आधी माहीत असणं जास्त मोलाचं.

छुपे अल्फा ब्लॉकरही शिकवा. क्लोरप्रोमझिन, क्वेटियापिन, क्लोझापिन, ॲमिट्रिप्टिलिन: ही मानसोपचारातली औषधं, पण अल्फा-१ अडवतात. मनोरुग्ण विभागात सकाळी उठताना पडणाऱ्याच्या चार्टवर बीपीची एकही गोळी नसते, म्हणून कारण सापडत नाही.

---

कफ_आणि_स्टेथो

मोजायचं कसं तेवढं लिहितो.

५ मिनिटं आडवं, गप्प. बीपी आणि नाडी घ्या. मग उभं करा आणि १ मिनिटाने व ३ मिनिटांनी पुन्हा दोन्ही घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो उभं राहिल्याने झालेला रक्तदाबाचा ऱ्हास समजायचा. मागे खुर्ची ठेवा. भोवळ यायला लागली तर आकड्यासाठी थांबू नका, झोपवा.

चुका ठरलेल्या. उभं राहिल्याबरोबर पहिल्या १५ सेकंदांत घेतलेला आकडा निरोगी माणसातही उतरलेला असतो, तो धरायचा नाही. दुसरी चूक हाताची. उभा माणूस हात खाली सोडतो. कफ हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंमी खाली गेला की आकडा ७ ते ८ ने जास्त येतो आणि खरा उतार झाकला जातो. हाताला कोपराखालून आधार देऊन दंड छातीच्या मधोमध येईल असा धरा. तिसरी चूक: जाड दंडाला लहान कफ. फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी हवी, नाहीतर बीपी खोटं जास्त दिसतं.

नाडीकडे दुर्लक्ष होतं, पण निदान तिथेच आहे. बीपी उतरलं आणि नाडी उसळली तर अल्फा ब्लॉकर किंवा पाणी कमी. बीपी उतरलं आणि नाडी जागची हलली नाही तर सोबत बीटा ब्लॉकर आहे का बघा, किंवा जुन्या मधुमेहाने नसा गेलेल्या असतील.

---

शुश्रूषा_वर्ग

मनापासून आभार. उभं राहून मोजण्याचा तक्ता आता प्रात्यक्षिकातच घेते.

दोन शंका उरल्या. फार्मसीच्या मुलांना संगणकावरच्या प्रयोगात अल्फा ब्लॉकर दिल्यावर ॲड्रिनलिनने बीपी चढण्याऐवजी उतरलेलं दाखवतात, तसं माणसातही होतं का? आणि दाताच्या इंजेक्शनमध्ये ॲड्रिनलिन असतं, प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्याला ते चालतं का? लोसार्टनवरही कुणी लिहावं.

---

महाडकर_वैद्यकीय

होतं. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये अरगट (धान्यावरच्या बुरशीतून मिळणारं, अल्फा अडवणारं द्रव्य) देऊन मांजरांत हे दाखवलं. ॲड्रिनलिनचे दोन हात आहेत: अल्फावर बसून वाहिन्या आवळणं आणि बीटा-२ वर बसून सैल करणं. अल्फा अडवलं की फक्त सैल करणारा हात उरतो आणि बीपी उतरतं. याचा वॉर्डातला उपयोग असा: क्लोरप्रोमझिन किंवा प्राझोसिन जास्त झाल्याने बीपी पडलं असेल तर ते चढवायला ॲड्रिनलिन वापरायचं नाही. आडवं करा, पाय वर, शिरेतून सलाईन, आणि तरीही नाही सावरलं तर डॉक्टर नॉरॲड्रिनलिनसारखं औषध निवडतात, कारण त्याचा बीटा-२ वर जोर कमी.

आता उलटं. प्रोप्रॅनोलॉलने बीटा-२ अडवला की ॲड्रिनलिनचा आवळणारा हात मोकाट. बीपी चढतं आणि बॅरोरिसेप्टरमुळे नाडी मंदावते. दाताच्या लिग्नोकेनमध्ये (बधिर करणाऱ्या इंजेक्शनमध्ये) ॲड्रिनलिनचं १:८०,००० प्रमाण असेल तर १ मिलिलिटरमध्ये १२.५ मायक्रोग्रॅम ॲड्रिनलिन, १:२,००,००० असेल तर ५ मायक्रोग्रॅम. बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही अडवणाऱ्या गोळीवर असलेल्याला एका बैठकीत ४० मायक्रोग्रॅमच्या आत राहतात, म्हणजे १:८०,००० चं साधारण ३ मिलिलिटर. सुई शिरेत नाही हे ओढून बघायचं, हळू द्यायचं, ५ मिनिटांनी बीपी-नाडी घेऊनच पुढचं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल मुख्यतः बीटा-१ अडवतात, ती नेहमीच्या डोसात असतील तर भीती कमी. दातासाठी म्हणून कुणी स्वतःहून गोळी बंद करू नये.

यावरून ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत) ॲड्रिनलिन टाळायचं असा अर्थ मात्र कुणी काढू नका. तिथे मांडीच्या स्नायूत ०.५ मिग्रॅ द्यायचंच, बीटा ब्लॉकर चालू असला तरी. प्रतिसाद मिळाला नाही तर ग्लुकॅगॉन १ ते ५ मिग्रॅ शिरेतून सावकाश, हा पुढचा मार्ग.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं उदाहरण, आणि ते आपल्या कोकणातलं आहे. लाल विंचू चावलेलं मूल पूर्ण निरोगी असतं, बीपीचा आजार नसतो. विषाने नसांची टोकं सोडियमच्या वाटा उघड्या ठेवून अखंड पेटत राहतात. आधी उलट्या, घाम, लाळ. मग ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिनचा लोंढा: बीपी चढतं, नाडी पळते, हातपाय बर्फासारखे गार पडतात, हृदय त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. इथे अल्फा-१ रिसेप्टर पूर्ण ताकदीने जुंपलेला असतो. म्हणून जे प्राझोसिन शांत झोपलेल्या निरोगी माणसाचं बीपी जेमतेम हलवतं, तेच इथे जीव वाचवतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ते रुग्णांत वापरून १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. त्याआधी अशा गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत, ते प्रमाण फार खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

डोस वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. २० किलोच्या मुलाला ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.६ मिग्रॅ. गरजेप्रमाणे ३ तासांनी पुन्हा, पुढे दर ६ तासांनी, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत. साधी गोळी हवी. बाजारात हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या जास्त दिसतात, त्या इथे कामाच्या नाहीत आणि चुरून तर मुळीच द्यायच्या नाहीत. आरोग्य केंद्रातला साठा तपासताना पट्टीवरचं नाव नीट वाचा.

आणि नर्सच्या हातातली गोष्ट ही. घाम-उलट्यांनी मुलाचं पाणी गेलेलं असतं, ते ओआरएसने किंवा शिरेतून भरून काढायचं. गोळी दिल्यावर मुलाला आडवंच ठेवायचं. मूल रडतं, आई त्याला उचलून खांद्याशी उभं धरते आणि पहिल्या डोसचा झटका तिथेच बसतो. आईला पलंगावर मुलाशेजारी झोपायला सांगा, उचलू देऊ नका. बीपी आणि नाडी दर अर्ध्या तासाने आडव्या स्थितीतच घ्या. नाडी पळते म्हणून प्रोप्रॅनोलॉल देणं ही घातक चूक आहे: वाहिन्या आवळलेल्याच राहतात आणि दमलेल्या हृदयाचा उरलेला आधारही जातो.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस दिल्यावर मुलं-माणसं लवकर सावरली. म्हणून प्रतिलस असेल तिथे दोन्ही.

---

गाळणी_किडनी

लोसार्टनचं उत्तर मिठात आहे.

रोजचं मीठ पोटात जाणाऱ्या, पाणी नीट पिणाऱ्या माणसात रेनिन कमी, म्हणून अँजिओटेन्सिन-२ कमी, म्हणून त्याचा एटी-१ रिसेप्टर, जो लोसार्टन अडवतं, तो रिकामटेकडा. त्याला अडवलं तर बीपी थोडंफार उतरतं, कधी तेवढंही नाही. मीठ-पाणी कमी झालेल्या माणसात उलट, बीपी त्याच एका दोरीवर लटकलेलं असतं. हे सर्वात स्पष्ट दिसलं ते सत्तरच्या दशकातल्या सारालासिन या इंजेक्शनमध्ये. ते रिसेप्टर अडवायचं आणि स्वतः थोडं चेतवायचंही. मीठ भरपूर असलेल्यांत त्याने बीपी उलट चढायचं, मीठ कमी केलेल्यांत उतरायचं. म्हणजे औषध एकच असूनही परिणामाची दिशा शरीरातल्या मिठाने ठरत होती. आजच्या लोसार्टन, टेल्मिसार्टनमध्ये ते चेतवणं नाही, पण मिठाशी असलेलं नातं तेच आहे.

त्यामुळे नॉर्मल बीपीच्या मधुमेही माणसाला प्रथिनांसाठी टेल्मिसार्टन दिलं की एरवी काही जाणवत नाही. मग मे महिन्यात विदर्भात दिवसभर उन्हात काम, किंवा निर्जळी एकादशी, किंवा दोन दिवस जुलाब, आणि तो उभा राहताना कोसळतो. टेल्मिसार्टन रक्तातून अर्धं जायलाच २४ तास लागतात, म्हणून सकाळी गोळी बंद केली की संध्याकाळी ठीक, असं होत नाही.

यात भर म्हणून अंगदुखीला डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं आणि लघवीची गोळी आधीच चालू असेल, तर मूत्रपिंड तिन्हीकडून कोंडीत सापडतं. डायक्लोफिनॅक गाळणीत येणारी वाहिनी आवळतं, टेल्मिसार्टन बाहेर जाणारी सैल करतं, लघवीची गोळी रक्ताचं पाणी घटवते. गाळायला दाबच उरत नाही आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळायचा टाकाऊ पदार्थ) उडी मारतं. बीपी १००/६५ असं 'बरं' दिसत असतानाच हे घडू शकतं, म्हणून दिवसाची लघवी किती झाली ते विचारा.

उलट्या, जुलाब, ताप आणि खाणंपिणं बंद अशा दिवसांत ही गोळी थांबवायची का, हे रुग्णाने डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. सहसा खाणंपिणं सुरळीत होऊन २४ ते ४८ तास झाले की पुन्हा सुरू करतात. गोळी सुरू केल्यावर १ ते २ आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर बहुधा चालवून घेतात, पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर नाही. घरात 'कमी सोडियमचं मीठ' आणलेलं असतं, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. वर रोजचं नारळपाणी. हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. गरोदरपणात ही औषधं नकोत: दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगून बदलायची.

जाता जाता: ॲम्लोडिपिन याच यादीत टाकलेलं बघतो. ते कॅल्शियमची वाट अडवतं, रिसेप्टर नाही. वेगळ्या पानावर घ्या.

---

शुश्रूषा_वर्ग

विंचवाचं उदाहरण आता पहिल्याच तासाला घेणार. शेवटचं: बीपी नॉर्मल, फक्त मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलॉल, अशांनी ते एकदम बंद केलं तर? आणि काचबिंदूच्या थेंबांनी नाडी उतरते म्हणतात, एवढ्याशा थेंबाने?

---

नाडी_बहात्तर

एकदम बंद नको. बरेच आठवडे अडवून ठेवल्यावर पेशी बीटा रिसेप्टरांची संख्या वाढवतात. अडथळा अचानक निघाला की नेहमीचंच ॲड्रिनलिन जास्त जोराने लागतं: धडधड, थरथर, घाम, नाडी १००-११०, बीपी थोडं चढलेलं. निरोगी माणसात हे काही दिवस त्रास देऊन जातं. हृदयाच्या धमन्या अरुंद असतील तर अँजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखणं) किंवा हार्ट अटॅक येऊ शकतो आणि त्या अरुंद आहेत हे अनेकांना माहीतच नसतं. १ ते २ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात.

थेंबाचं म्हणणं खरं आहे. टिमोलॉल ०.५ टक्के म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ५ मिग्रॅ. एक थेंब ०.०३ ते ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे ०.१५ ते ०.२५ मिग्रॅ. दोन्ही डोळ्यांत दोन वेळा म्हटलं की दिवसाला १ मिग्रॅपर्यंत. यातलं बरंचसं अश्रूच्या नळीतून नाकात उतरतं आणि नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात जातं. गोळीसारखं आधी यकृतात जाऊन मोडत नाही. त्यामुळे वयस्कर माणसाची नाडी ४५ वर येते, दम्याचा झटका येतो, आणि 'कोणती औषधं चालू आहेत?' या प्रश्नाला उत्तर मिळतं 'काही नाही', कारण थेंबाला कुणी औषध धरत नाही.

शिकवायची कृती: मान मागे, खालची पापणी ओढून एकच थेंब. डोळा अलगद मिटायचा, मिचकवायचा नाही. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यावर बोटाने २ मिनिटं दाबून धरायचं. ओघळलेलं टिपायचं. दुसरे थेंब असतील तर ५ मिनिटांनी. आणि केस पेपरवर औषधांच्या रकान्यात थेंबांचं नाव, टक्के आणि दिवसातून किती वेळा, हे गोळ्यांच्या ओळीतच लिहायचं.